नकाशातला पलंग
काच पुसायच्या औषधाचा उग्र वास आला की मला ऐंशीच्या दशकातले घरांचे नकाशे आठवतात, कारण त्या कागदांनाही तसाच नाक झिणझिणवणारा वास यायचा. आम्ही पाच जण चाळीत एका खोलीत राहायचो, आणि सासूबाईंचं मागणं एकच होतं: नव्या घरात पाय पसरून झोपायला मिळू दे. मुलुंडच्या बिल्डरने दोन नकाशे पुढे ठेवले. क्षेत्रफळ सारखं, पण एक घर बरंच स्वस्त. का बरं? मी तेव्हा स्वतःला मोठी गुप्तहेर समजायचे. स्वस्त घराच्या नकाशातल्या पलंगावर पट्टी ठेवली, तर नकाशाच्या प्रमाणाने त्याची लांबी निघाली साडेचार फूट! "यात झोपणार कोण, तुमचं तान्हं बाळ?" मी बिल्डरला विचारलं. "वहिनी, ते नुसतं दाखवायला असतं," बिल्डर म्हणाला. मग मी चाळीच्या गच्चीवर खडूने दोन्ही घरांच्या खोल्या खऱ्या मापाने आखल्या. सासूबाई स्वस्त खोलीत आडव्या झाल्या आणि ओरडल्या, "गो, माजे पाय तुज्या सैपाकघरात गेले!" महागड्या खोलीत मात्र त्या आरामात मावल्या. "अहो, बघा!" म्हणत मी नवऱ्याला तेच घर घ्यायला लावलं. ताबा मिळाल्यावर सासूबाईंची खाट काही खोलीत मावेना, तेव्हा कळलं, कागदावरची मापं भिंतींच्या जाडीसकट होती. मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण माझ्या खडूच्या रेघेला जाडी नाही, हे काही सुचलं नाही. शेवटी सुतार बोलावून ती खाट वीतभर कापून घेतली. बिल्डरने कागदावर केलं, ते मी घरात करून दाखवलं. आता नातू फ्लॅट बघतोय आणि म्हणतो, "आजी, तू चल ना, तुला नकाशे कळतात." खाटेचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.