जोशीकाकांची स्प्रिंगची सीट

तिसगावच्या नृसिंह जोश्यांना देवानं पाठांतर दिलं, खणखणीत आवाज दिला आणि वर मूळव्याध दिली. भिक्षुकाला पहिल्या दोन गोष्टी लागतात. तिसरी कशाला दिली ते देवालाच ठाऊक. सकाळी सायकलवर बसून वाड्यावस्त्यांवर जायचं, तिथं तासन्‌तास पाटावर बसायचं, पुन्हा सायकलवर बसून घरी यायचं. सगळा बसण्याचाच धंदा, आणि नेमकं बसणंच जड झालेलं.

त्यांचा मुलगा माधव केडगावला राहायचा, नगरला कारकून होता. "बाबा, आता पुरे. इकडे येऊन राहा," असं तो दर सणाला म्हणायचा. बायकोची, सुनीतीकाकूंचीही ना नव्हती. पण काका ऐकतील तर शपथ! "ज्या दिवशी मी न कमावलेला घास घेईन, त्या दिवशी माझं काही उरलं नाही असं समजा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हट्टी माणूस, दुसरं काय! पण त्या हट्टावरच तो माणूस उभा होता.

बहात्तर साली पाऊस गेला आणि त्याच सुमारास सायकलची जुनी सीट मधोमध फाटली. काका श्रीमंतच्या सायकलच्या दुकानात गेले. श्रीमंतनं दोन सीटा पुढ्यात ठेवल्या, दोन्ही अस्सल कातड्याच्या.

"ही साधी, बिनस्प्रिंगची," तो म्हणाला. "पहिले दोन-तीन महिने जीव काढंल. पन मंग कातडं तुमच्या मापानं बसतं, न् जन्मभर तरास न्हाई. ही स्प्रिंगची. पहिल्या दिसापासून गादी. पन चढाला निम्मी ताकद स्प्रिंगाच खात्यात बघा."

काकांनी दोन्ही सीटा अंगठ्यानं दाबून पाहिल्या, दोन्हींवर बसून पाहिलं, आणि काही न घेता घरी आले. पोरीला स्थळ बघताना केला नसेल इतका खल त्यांनी त्या सीटांवर केला. सुनीतीकाकू म्हणाल्या, "टिकेल ती घ्या."

"टिकायचं मला आहे, सीटला नाही," काका म्हणाले आणि स्प्रिंगची घेऊन आले. "तेल लावत जा, उन्हात ठिवू नका," एवढं श्रीमंतनं बजावलं. पाण्यापासून जपा, हे सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्या साली पाणी होतं कुठं?

पहिले काही दिवस मोठ्या सुखाचे गेले. खड्डा आला की सीट कुरकुरायची, काका नाही. वाटेत ते मोठ्यानं स्तोत्रं म्हणत, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया मान वर करून बघत.

पण कातडं म्हटलं की विटाळ आलाच. एरवी यजमानाच्या दारात पोचलं की काका बादलीभर पाण्यानं अंघोळ करत, सोवळं नेसत आणि मग पाटावर बसत. त्या वर्षी एका वस्तीवरची सून त्यांच्यासाठी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन येताना त्यांनी पाहिली. तिच्या स्वतःच्या पोरांच्या अंगावर मळाची पुटं चढलेली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी त्यावर तोड काढली. लोकरीला विटाळ नसतो. तेव्हा घरीच दोन तांबे पाण्यात अंघोळ उरकायची, सोवळं म्हणून ओल्या धोतरानंच सायकलवर बसायचं आणि सीटवर लोकरीच्या धाबळीची घडी टाकायची. शास्त्रही राहिलं, यजमानाचं पाणीही वाचलं. या युक्तीवर स्वारी बेहद्द खूश होती. धोतराचं पाणी धाबळीत उतरत होतं, धाबळीचं कातड्यात, आणि त्या भिजल्या कातड्यावर काकांचं अख्खं वजन रोज मैलोगणती दणके खात होतं. संक्रांतीपर्यंत सीटची झोळी झाली. खालचा लोखंडी दांडा वर टोचू लागला, आणि तोही नेमका नको तिथं.

श्रीमंतनं कातडं ताणायला पान्यानं पुढचा नट आवळला, पार शेवटच्या आट्यापर्यंत. काही उपयोग झाला नाही. "काका, ह्या साली भिजवली कशी हो तुमी?" त्यानं विचारलं. काकांनी धाबळीची घडी काखेत मारली.

"साधी घेतली असती तर?" त्यांनी उलट विचारलं.

"तिचंबी ह्येच झालं असतं."

हे ऐकून काकांना बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लागलं. एवढा खल करून निवडलं काय अन् डोळे मिटून उचललं काय, सारखंच! नवी सीट तर आता दूरच राहिली. दुष्काळात सत्यनारायण कोण घालतो?

उन्हाळा लागता लागता राहीबाईच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. तिची वस्ती लांब, पण घर पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानकीतलं. काका सकाळीच निघाले. थोडं अंतर गेल्यावर धोतराला रक्त लागलं, तेव्हा ते उतरले आणि सायकलचाच आधार घेत चालू लागले. श्राद्धाची वेळ भर दुपारची. ती वाटेतच टळली. वस्तीवर पोचले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि राहीबाई एकटीच दारात बसली होती. मुलगा सहादू किंवा सून, कुणी दिसत नव्हतं.

"आलात व्हय काका? सहादू लई येळ थांबला हुता. पन उशीर झाला की मुकादम हजेरी मांडीना, म्हून ग्येला बायकूला घिऊन खडीवर. मंग म्याच घास ठिवला पत्र्यावर."

"मंत्र नाही, संकल्प नाही..." काका पुटपुटले. "कावळा शिवला?"

"शिवला की! ठिवायचाच उशीर. कव्हाचा उपाशी असल्यावानी आला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवरा जेवून गेला, याचंच तिला समाधान होतं. मंत्राशिवाय पितर जेवत नाहीत असं काकांनी उभा जन्म लोकांना सांगितलं होतं, स्वतःलाही सांगितलं होतं. ते कितीतरी वेळ पत्र्याकडे बघत राहिले. वर काहीच नव्हतं.

राहीबाई आत गेली आणि सूप घेऊन बाहेर आली. त्यात रेशनवरची थोडी मिलो ज्वारी, मीठ, गुळाचा खडा आणि चार मिरच्या होत्या.

"तुमचा शिधा."

"मी काही केलं नाही, राहीबाई."

"असू द्या. एवढ्या उनाचं आलात. घरी काकू हायेत."

घरी काकू होत्या, हे खरं. आणि कालपासून घरात चूल पेटलेली नव्हती, हेही खरं. काकांनी सायकल भिंतीला टेकवली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.