झापांआडची पेठ

गोवा मोकळा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. आमच्या पेठेतला रस्ता रुंद करायचं घाटत होतं, आणि तो सरळ नेला तर दोन्ही बाजूंच्या घरांच्या ओट्या कापल्या जाणार होत्या. त्यात आमचीही होती. फणसाचे कोरीव खांब, चिऱ्याचा कठडा. गुडघे धरल्यापासून वडिलांचा सगळा दिवस तिथेच जायचा. घरांमागच्या माडांतून रस्ता वळवणं सहज शक्य होतं. पण त्यासाठी मुंबईहून एक साहेब येऊन घरं राखण्याजोगी आहेत की नाहीत, ते सांगणार होते. मी शाळेत मास्तर, म्हणून साहेबांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

साहेबांना सवड झाली ती नेमकी मिरगाच्या तोंडावर. आमच्याकडे मिरगाआधी घराचं दर्शनी अंग झाकून टाकतात. झावळ्या विणून केलेली झापं वळचणीपासून जमिनीपर्यंत बांधायची, म्हणजे समुद्रावरून येणारी झड ओटीवर येत नाही. ती एकदा बांधली की दिवाळीपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. अख्खी पेठ बुरखा घेऊन बसलेली, आणि मी म्हणे साहेबांना तिची घरं दाखवणार!

मी घरोघर हात जोडत हिंडलो. एका दिवसापुरती तरी झापं सोडा म्हटलं. शेजारचे काका जन्मभर गलबतावर तांडेल होते. ते आभाळाकडे बघून म्हणाले, "वारो फिरलो रे. पाऊस इलो तर भित्ती तू लिपतलंस?" पलीकडच्या काकूंनी मलाच समजावलं, "तुझो सायब शिकलेलो आसा मां? मगे तेका आतला कळतला."

घरी येऊन मी रागारागाने आमची झापं सोडली. वडील आतून ओरडले, "एकट्यान सोडून काय होतला रे?"

साहेब आले. तिठ्यापासून आम्ही चालायला लागलो. मी झापांकडे बोट दाखवून सांगायचो, इथे नक्षीची तुळई आहे, इथे खांबांची जोडी आहे. साहेब मान डोलवायचे. चव्हाट्यावर तर चारी बाजूंना नुसत्या झावळ्या. आमच्या लोकांचा पाहुणचार दांडगा, पण पुढचं दार बांधलेलं, म्हणून साहेबांना सगळीकडे मागीलदारी नेलं. ते कोकमाचं सरबत पीत राहिले आणि पेठेतल्या विहिरी, चुली नि न्हाणीघरं तेवढी पाहून घेतली. ऊन मी म्हणत होतं. पावसाचा थेंब नाही. माझा नुसता जळफळाट चालला होता.

आमच्या घराशी मात्र साहेब थबकले. खांबावरून हात फिरवत वडिलांशी बराच वेळ बोलले. मला वाटलं, जिंकलं. निघताना म्हणाले, "घर सुरेख आहे. पण सबंध पेठेत असं एकच. एका घरासाठी रस्ता कसा वळवायचा?"

"सगळी अशीच आहेत हो," मी जवळजवळ ओरडलोच, "झापांच्या आड!"

"असतीलही. पण न पाहिलेलं मी कसं सांगू?" त्यांचंही चुकलं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. ऐन श्रावणात रस्ता सरळ जाणार हे पक्कं झालं.

दिवाळीत झापं निघाली. एका रांगेत साऱ्या ओट्या उघड्या झाल्या. खांबांना तेलपाणी झालं, जमिनी सारवल्या गेल्या. काकांनी मला हाक मारून आपली भिंत दाखवली. "बघ, थेंब लागूक नाय. आता घेवन ये तुझ्या सायबाक."

"काका, साहेब येणार नाहीत. ओट्या पाडायला माणसं येणार आहेत, सोमवारी."

काका मग धोतराच्या सोग्याने खांब पुसत म्हणाले, "येवंदेत. तेंका दाखवया. बघल्यार कोणाचो हात उठात?"