आप्पा टर्नरच्या चिठ्ठ्या

आप्पांची नि माझी पहिली भेट अंतराळात झाली. प्रत्यक्षात मी सांगलीत, विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो आणि ते जवळच, कुपवाडला होते. पण ते नंतर कळलं.

माझ्या लहानपणी केबलवर एक परदेशी चित्रपट हिंदीत लागायचा. अवकाशयान बंद पडतं, सगळे सुटतात, एक मेकॅनिक तेवढा आत राहतो आणि चित्रपट संपतो. त्याचं पुढं काय झालं, याची वाट आमच्यासारखे चाहते वीसेक वर्षं बघत होते. शेवटी पुढचा भाग आला तो व्हिडिओ गेम होऊन. त्यात आपण त्या यानात मेकॅनिकला शोधत एकट्यानं फिरायचं. दुसरा खेळाडू कधीच दिसत नाही, त्यानं भिंतीवर लावलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या दिसतात. चिठ्ठी पटली तर तिच्याखाली एक हिरवा दिवा लावायचा. माणसाचा माणसाशी संबंध एवढाच. खरं सांगायचं तर तेव्हा माझा बाहेरच्या जगाशीही फार जास्त नव्हता.

तर इंजिनखोलीच्या दाराशी, इंग्रजी चिठ्ठ्यांच्या गर्दीत ही चिठ्ठी होती : ‘दार जोरात वडू नगं. आदी डावा दांडा सोड. जेवलास का? — आप्पा, टर्नर, कुपवाड. फर्स्ट शिफ्ट.’

मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. डावा दांडा सोडला, दार उघडलं. चिठ्ठीखाली दिवा लावला. पुढं प्रत्येक वळणावर आप्पा होतेच. ‘हितं फळी ढिली हाय.’ ‘हितं काय न्हाई, उगं हिंडू नगं.’ आणि शेवटी हमखास, ‘जेवलास का?’ मी दिवे लावत गेलो.

गंमत म्हणजे जगभरच्या चाहत्यांनी ही लिपी परग्रहावरची ठरवली होती. गेम बनवणाऱ्यांनीच ती लपवली आहे, तिच्यात मेकॅनिकचा पत्ता आहे, असं त्यांचं ठाम मत. एका विद्वानानं अक्षरांवरची आडवी रेघ म्हणजे क्षितिज, असं लांबलचक लिहिलं होतं. पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून त्यांच्यापैकी कुणी दिवाही लावत नसे. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीखाली एकच दिवा असायचा, माझा.

एका रविवारी मी कुपवाडला गेलो. चहाच्या टपरीवर नुसतं ‘आप्पा टर्नर’ म्हटलं, तर तिघांनी बोट दाखवलं. वर्कशॉपमागच्या एका खोलीत साठीचा, हातांच्या रेघांत काळं तेल मुरलेला माणूस जुन्या कॉम्प्युटरपुढं बसला होता. परग्रहाची हकिगत सांगितल्यावर ते खोकला लागेपर्यंत हसले. “येडीच हायती की सगळी!” मग डोळे पुसत म्हणाले, “पर बघत्यात न्हवं? बघू देत.”

चिठ्ठ्यांचं मूळ लेथ मशीनच्या वहीत होतं. एक शिफ्ट संपली की पुढच्या माणसासाठी वहीत लिहून जायचं : मशीन गरम होतंय, लोखंड धरणारा चक सैल आहे, जपून. आप्पा म्हणायचे, “मागनं येणाऱ्याला सांगून जावं. न्हाईतर आपून शिकून उपेग काय?” त्यांच्या मागून दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर त्यांचाच मुलगा, सुनील, यायचा. आई गेल्यापासून घरात बापलेकांची गाठ पडायची नाही. जे काय बोलणं, ते वहीत. ‘डबा कपाटावर हाय. जेव.’ खाली सुनीलची बरोबरची खूण.

मग एकदा माप चुकलं म्हणून माल परत आला. आप्पांनी तो मापून बघितला आणि वहीत लिहिलं, ‘चूक सेकंड शिफ्टची.’ साहेबांनी सुनीलला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलून काढून टाकलं. तो चाकणकडं गेला, नंबर बदलला. महिन्यानं आप्पांना कळलं की त्यांचाच मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवत होता.

“त्येला ह्यो पिच्चर लय आवडायचा. मांडीला मांडी लावून बघायचा माज्या. मला काय कळतंय त्यातलं? पर त्येचा गेम आलाय म्हटल्यावर पोरगं खेळनारच की. कवातरी त्या दारात येईलच.” मग पडद्याकडं बोट करून ते हळूच म्हणाले, “आलाय बी. हे बघा. दरेक चिठ्ठीला दिवा लावून जातंय. तोंडानं बोलत न्हाई, पर जेवतंय म्हनायचं.”

तिथंच सांगायला हवं होतं. चहा घेतला आणि घरी आलो. पुढं वर्षभर मी दर रविवारी जायचो आणि आठवडाभर न चुकता दिवे लावायचो. पुण्य करतोय की पाप, ते तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही.

मार्चमध्ये आप्पा काम करता करता मशीनपाशीच बसले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला पलूसला, त्यांच्या गावी गेलो. सुनील आला होता, वर्कशॉपमधल्या कुणीतरी त्याला शोधून काढलं होतं. मी धीर करून गेमचं विचारलं.

“न्हाई ओ,” तो म्हणाला. “मला असलं काय आवडत न्हाई. पिच्चर आप्पांच्या आवडीचा. एकटंच बघत बसायचं, म्हनून मी शेजारी बसायचो.”

मी मोबाईलवर चिठ्ठ्यांचे फोटो काढून त्याच्या हातात दिले. एकेक वाचत तो शेवटच्या चिठ्ठीवर आला. ती आप्पांनी जायच्या आदल्या आठवड्यात लावली होती : ‘सुनील, माप माजं चुकलं हुतं. तुजी चूक न्हवती. वहीत खोडून नीट लिवलंय. — आप्पा.’

त्यानं बोटांनी फोटो मोठा केला. मग त्यानं विचारलं, “ह्यो खाली दिवा कसला?”

“वाचल्याची खूण. मी लावायचो. आप्पांना वाटायचं, तुम्ही लावताय.”

“शेवटपतूर?”

“हो.”

त्यानं मोबाईल परत दिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “तुमी आप्पांना सांगितलं न्हाई, ते बरं केलंसा. पर मला तरी सांगायचं हुतं की.”

एवढं वर्षभर दिवे लावले, पण या पोराला शोधावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.