एकही गोल रिकामा नाही

सहा वर्षं मी एकच निवेदन लिहीत होते. "वैद्यकीय अधिकाऱ्याचे रिक्त पद तातडीने भरा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." भामरागडच्या बाजूला, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रासाठी. ते दरवर्षी पावसाळ्याच्या आधी द्यायचं, कारण नाल्यांवर पाणी चढलं की रस्ता बंद होतो. मग डॉक्टर आतच असला पाहिजे, बाहेरून कोणी पोचत नाही. मी आरमोरीत एका संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. पत्रकं, निवेदनं, मोर्च्याच्या घोषणा, हे माझं खातं.

गेल्या वर्षी निवेदन घेऊन जिल्हा आरोग्य कार्यालयात गेले तर तिथल्या साहेबांनी ते वाचलंसुद्धा नाही. पाठच झालं असणार त्यांचं.

"मॅडम, जागा मंजूर आहे, जाहिरात निघते, माणूस येत नाही. आलाच तर आल्या पावली बदली मागतो. मी कुठून आणू? तुम्हीच व्हा ना डॉक्टर, त्याच दिवशी रुजू करून घेतो."

बाजूचे दोन कारकून हसले. मी जे बोलायचं ते बोलले, चांगलंच बोलले. मग ऑफिसात येऊन संगणकातली जुनी निवेदनं उघडली. सहाही सारखी. मी दरवर्षी फक्त तारीख बदलत होते. अन्यथा तीव्र आंदोलन! कुठे होतं ते आंदोलन? राग साहेबांचा यायला हवा होता, आला माझाच.

बारावीला माझं सायन्स होतं, बायोलॉजीसकट, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात. मार्क बरे होते. डॉक्टरकीसाठी वेगळी परीक्षा असते हे ऐकून होते, पण ती आपल्यासाठी असते असं कोणी सांगितलं नव्हतं. मग समाजकार्याची पदवी, मग संघटना. आता मी सत्तावीस वर्षांची. वरची वयोमर्यादा नाही ना, हे तीन ठिकाणी विचारून घेतलं. तयारीला एक वर्ष, पुढे इंटर्नशिपसकट साडेपाच. चौतिशी येणार. चौतीस म्हटलं की लोक तोंडाला हात लावत. मग चौतिशीपर्यंत निवेदनंच लिहू का?

दर रविवारी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन मी वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला जायला लागले. तिथे एक सर घराच्या वरच्या मजल्यावर परीक्षेसारखे सराव पेपर घेतात. पहिल्या दिवशी दारातल्या मुलीने मला अदबीने सांगितलं, "ताई, पालकांची मीटिंग पुढच्या रविवारी आहे." मी म्हटलं, "मीच माझी पालक. सरक."

पहिल्या पेपरात वर्गात सगळ्यात खाली मी. सरांनी मला थांबवून घेतलं. पर्यायांचे गोल काळे करायची ती उत्तरपत्रिका समोर धरली.

"एकही गोल रिकामा नाही. सगळंच येते का तुम्हाला?"

"नाई सर."

"मग काऊन भरले?"

"सोडून कसं द्यायचं?"

सरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही पेपर सोडवाले आल्या का मोर्चा काढाले?"

बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, सोडलं तर काहीच नाही. हा नियम मला माहीत होता. पण संघटनेत माझी घडण वेगळी झाली होती. समोरच्याने काहीही विचारू दे, उत्तर द्यायचं. गप्प बसलीस की तो जिंकला. मी सरांशीही वाद घातला. म्हटलं, ही वजाबाकीच अन्यायाची आहे. ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असतं त्यांनी अंदाज बांधायचा नाही तर काय करायचं?

"बरोबर बोलता तुम्ही," सर म्हणाले. "त्याचं पत्रक परीक्षा झाल्यावर काढा. मी पण सही करतो. आता हे पाहा. तुमचे जेवढे बरोबर आले तेवढेच सोडवले असते, तर तुम्ही वर्गात मधोमध असत्या. बाकीचे गुण कोणी नाही कापले. तुम्हीच कापले."

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची ठरवली. येतं, अर्धं येतं, येत नाही. सोपं वाटतं ना? माझ्यासारखीला ते फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात 'येत नाही' अशी एकही खूण नव्हती. मी स्वतःच्या वहीतही खोटं लिहीत होते.

आणि एकदा नीट खुणा करायला लागले तशी एक जुनी गोष्ट वर आली. भामरागडकडच्या एका गावात बैठक संपल्यावर एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलीचे गुडघे, कोपरं सारखी दुखायची. मी विचारही केला नाही. म्हटलं, अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घेत जा. ज्या आवाजात घोषणा देते त्याच आवाजात सांगितलं. त्या आईने ते मान्य केलं, कारण मी बाहेरून आलेली, शिकलेली, आणि ठासून बोलणारी. पुढे कितीतरी दिवसांनी उपकेंद्रातल्या सिस्टरने रक्त तपासायला पाठवलं तेव्हा सिकलसेल निघाला, रक्ताचा आनुवंशिक आजार. मुलगी आता औषधावर आहे, शाळेत जाते. पण तेवढे दिवस ती विनाकारण कळा सोसत राहिली, आणि ते माझ्यामुळे. डॉक्टर नसलेल्या गावात मी डॉक्टरसारखी बोलले होते. डॉक्टर नाही म्हणून निषेध करणारी मी!

सिस्टर एवढंच म्हणाली होती, "ताई, माहीत नसलं त माझ्याकडे धाडत जा ना."

हळूहळू गोल रिकामे राहू लागले आणि गुण वाढू लागले. पण दौरे, बैठका आणि अभ्यास एकत्र जमेना. जीवशास्त्र धरलं की भौतिकशास्त्र सुटायचं. सरांनी सरळ सांगितलं, "नोकरी ठेवून तुमचं नाही होणार. एक काहीतरी सोडा."

मी राजीनामा लिहिला. चार पानं.

तो घेऊन आमच्या भाऊंकडे गेले. भाऊ म्हणजे संघटनेतले सगळ्यात जुने. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनीच शिकवलं. लाल पेनने माझी विशेषणं कापायचे. त्यांनी चारही पानं सावकाश वाचली.

"हा राजीनामा मले देऊन राह्यली का मंत्र्याले?"

"कारणं नको का लिहायला?"

"कारणं! कोचिंगवाले, सरकार, प्रयोगशाळा... सारे आले. तू कुठी आहेस यात?" मग त्यांचं बोट चौथ्या पानावर थांबलं. तिथे मी लिहिलं होतं की डॉक्टर होऊन मी याच जिल्ह्यात परत येईन. "आपल्या इथून शिकाले गेलेले किती जन वापस आले, सांग."

"मी येईन."

"हे तुले पक्कं माहीत आहे?"

मी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, नेहमीसारखं. पण साडेपाच वर्षांनी मी कोण असेन, कुठे असेन, घरी काय झालेलं असेल, यातलं मला खरंच काय ठाऊक होतं?

"नाई," मी म्हटलं. "यायचं आहे मले. येईनच, हे नाई माहीत."

"मंग काट ते."

मी ओळ कापली. इतकं वाईट कुठल्याच कापाकापीचं वाटलं नव्हतं. ती ओळ गेल्यावर बाकीची पानंही उगाच वाटायला लागली. कोरा कागद घेतला. "मला डॉक्टर व्हायचं आहे. अभ्यासासाठी काम सोडते आहे." सही केली.

भाऊंनी खाली 'मंजूर' लिहिलं. कागद दुमडून खिशात ठेवला.

"यंदा नंबर नाई लागला त?"

"पुढच्या वर्षी परत बसेन."

"घरी बसून?"

"घरी बसून. रविवारी ब्रह्मपुरीला."

"आन उद्या का करतं?"

"उद्या घूर्णन गती. फिरणाऱ्या चाकांचं गणित. पूर्ण धडा करायचा आहे, आणि मले त्यातलं काहीच येत नाई."

"काहीच नाई?"

"काहीच नाई, भाऊ."

"मंग इथी काऊन बसून राह्यली?" ते म्हणाले. "जा ना घरी."