दादाचा फोन उत्तर देत होता

“ताई, हे बघा, होस्ट इज अप! दादा जिवंत हाय!”

सुनील माझ्या खांद्यावरून ओरडला आणि शाळेच्या वर्गात बसलेले सगळे उठून उभे राहिले. मी स्क्रीन अजून नीट वाचलीही नव्हती.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवर पहाटे दरड कोसळली होती. खालच्या गावातल्या शाळेत मदतकार्याची छावणी होती. मी महाडला कारखान्यांची आणि ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते. छावणीला इंटरनेट हवं म्हणून मला बोलावलं होतं. सुनील त्याच वाडीतला, नोकरीला मुंबईत. बातमी कळताच धावत आला होता. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळानं देवळात वायफाय बसवलं होतं, गावी राहिलेली माणसं व्हिडिओवर दिसावीत म्हणून. बसवणारा सुनीलच. भांडणं नकोत म्हणून त्यानं प्रत्येक घरातल्या एका फोनला नेटवर्कवरचा एक नंबर कायमचा नेमून दिला होता. त्याच्या दादाचा चौदा.

देऊळ उंचावर होतं, ते वाचलं होतं. सोलरवर वायफायही चालू होतं. पण तिथवर जाणारी वाट दरडीनं नेली होती. देवळाच्या खालीच दादाचं घर होतं, आता तिथे नुसता चिखल. शाळेच्या छपरावर बसवलेल्या रेडिओतून, म्हणजे बिनतारी जोडणीच्या डब्यातून, माझा लॅपटॉप देवळातल्या नेटवर्कला जोडलेला होता. “दादाचा फोन चालू हाय का, तेवढं बघा,” एवढंच सुनीलचं मागणं होतं. तिथल्या वायफायच्या राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनची यादी दिसते, पण ते पान काही केल्या उघडेना. म्हणून एनमॅप चालवलं. लिनक्सवरचं हे हजेरी घ्यायचं साधन. नेटवर्कवरच्या प्रत्येक नंबराला हाक मारतं आणि जो ओ देईल त्याच्यापुढे ‘होस्ट इज अप’ लिहितं.

बचाव पथकाचे साहेब आत आले. “नक्की ना मॅडम? माझ्याकडे पोकलेन एकच आहे.”

पोकलेन तेव्हा त्याच वाडीतल्या बाळूतात्यांच्या मुलाच्या घरावरचा ढिगारा उपसत होतं. तात्या भिंतीला टेकून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, “न्या रे मशीन. जिता माणूस हाय तर त्याला आधी काढा. माझा पोरगा थांबंल.”

साहेबांनी वॉकीटॉकीवर पोकलेन दादाच्या घराकडे न्यायचा हुकूम दिला. मी यादी वर सरकवली. पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळेच अप. वाडीत तेवढी घरंच नव्हती. त्यातून सगळ्यांपुढे मॅक ॲड्रेस एकच. मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, ती दोघांची सारखी नसते. म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकच यंत्र ओ देत होतं, शाळेच्या छपरावरचा रेडिओ. त्यात प्रॉक्सी एआरपी नावाची सोय कुणीतरी चालू ठेवली होती. वर्गात एकच पोर सगळ्यांच्या नावानं ‘हजर’ म्हणतं, तसला प्रकार.

“सुनील, थांब. हे खोटं आहे.”

“खोटं कसं? लिवलंय की!”

“दादाचा फोन बोलत नाहीये. आपल्या छपरावरचा डबा बोलतोय. ज्या नंबरला फोनच नाही, तोही अप दाखवतोय.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही दादाला मीच मारलं. पोकलेन पुन्हा तात्यांच्या मुलाच्या घराकडे फिरलं. 

मी एनमॅपची आधीची हाक, एआरपी, बंद केली आणि सरळ पिंग पाठवायला लावलं. पिंगला मधल्यानं परस्पर ओ देऊन चालत नाही, उत्तर खुद्द फोनकडूनच यावं लागतं. पहिल्या खेपेला कुणीच नाही. पावसानं लिंक इतकी मंद झाली होती, की उत्तर पोचायच्या आत एनमॅप पुढे सरकत होतं. थांबायची मुदत वाढवली.

या वेळी ओ आली. देवळातला राउटर. आणि चौदा. बाकी कुणी नाही.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. आता खोटं नव्हतं. “चिखलाखालून वायफाय येत नाही,” मी साहेबांना म्हणाले. “फोन उघड्यावर आहे. बहुतेक देवळातच.” सुनील रडायला लागला, हसायलाही लागला. दादा देवळात अडकलाय, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती.

पथकातली माणसं दोर लावून चढली. आम्ही वॉकीटॉकीभोवती उभे होतो.

“फोन मिळाला,” आवाज आला. “चार्जिंगला लावलाय. देवळात कोण नाय.”

तात्या हळूच म्हणाले, “वाडीत लाइट नव्हती ना. देवळातल्या सोलरला चार्जिंगची पिन एकच. पाळीपाळीनं फोन लावून घरी निजाय जायचो. काल त्याची पाळी होती.”

तात्यांचा मुलगा दुपारी सापडला. दादा आणि वहिनी संध्याकाळी, घरातच. तिघांतलं कुणी वाचलं नव्हतं.

पथकानं दादाचा फोन सुनीलच्या हातात दिला. त्यानं तो छावणीच्या वायफायला जोडला, तसे त्याचेच मिस्ड कॉल त्यावर उमटले. तो माझ्यापाशी आला. “ताई, ह्यो बंद केला तर तुमच्याकडं काय दिसंल?”

“डाऊन.”

“मग ऱ्हाऊ दे चालू,” तो म्हणाला आणि माझा चार्जर मागून घेतला.

तेव्हापासून मी रिपोर्टात ‘चालू आहे’ असं लिहीत नाही. ‘उत्तर दिलं’ एवढंच लिहिते. क्लायंट विचारतात, फरक काय? मी म्हणते, असतो.