वेशीतला डीजे

वस्तीनं माझ्याशी बोलणं टाकलं ते एका पत्रकावरून. मीच लिहिलेलं, बारामतीत छापून आणलेलं, घरोघरी दारात टाकलेलं. ‘जयंतीतला डीजे ही गुलामीची नवी नशा आहे.’ वाक्य जोरकस होतं. मागणी एवढीच, की यंदा डीजे नको. आदल्या वर्षी गल्लीत गाडी उभी राहिली तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली आणि शेजारची ओली बाळंतीण बाळाला पदराखाली घेऊन मागच्या उसात जाऊन बसली. मी तिला तिथं बघितलं. ती चीड अजून उतरलेली नाही. उतरूही नये.

सणसरच्या पुढं आमचं गाव. पत्रकानंतर मी नळावर गेले की बायका हंडे उचलायच्या. चार बुकं शिकली आन् आमाला अक्कल शिकवाय लागली, असं सगळे म्हणतात, हे चुलतीनं कळवलं. त्यानंतर तीही बोलेना.

मी बारामतीला ज्या अभ्यासगटात जायची, तिथं एक निवृत्त शिक्षिका मनाचा सराव घ्यायच्या. समोरचा बोलत असताना मनात उत्तर रचायचं नाही. रचलं गेलंच तर ओळखायचं, सोडायचं, परत ऐकायचं. मला राग यायचा. आमचं कधी कुणी असं ऐकलंय? पण आता बोलायलाच कुणी नव्हतं, म्हणून संध्याकाळी विहारात एकटी बसायला लागले. डोळे मिटले की आत पत्रक सुरू. मुद्दे, घोषणा, खाली ‘आपली नम्र’. ओळखायचं, सोडायचं. बाहेर क्रिकेट चालायचं. चेंडू आत आला तर न्यायला कुणी यायचं नाही, मीच उठून बाहेर टाकायची.

जयंतीच्या बैठकीआधी तात्यांकडं गेले. वस्तीत त्यांचा शब्द चालतो आणि डीजेचा आग्रह त्यांचाच. सत्तरी ओलांडलेला, कानानं अधू माणूस. ऐकू येत नाही तर डीजे कशाला, हा टोमणा मी वाटेतच तयार केला होता.

“आली का पुढारीण,” तात्या म्हणाले. “पत्रक आणलंय का तोंडीच हाय?”

तोंडीही काही नाही, तुमचं ऐकायला आलेय, असं मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग बराच वेळ कारखाना, ऊसतोड, सुनेचा स्वयंपाक असं काहीबाही काढत राहिले, मी उठून जाते का बघत. माझ्या आत उत्तरं उठत होती, मी खाली बसवत होते. शेवटी बोलणं वेशीपाशी आलं.

“आमच्या टायमाला हलगी होती,” ते म्हणाले. “वेस आली की वाजवायची बंद. काखंत मारायची आन् मुकाट्यानं पल्याड जायाचं. बंद करा असं कुणी म्हणत न्हवतं. म्हणायची येळच आमी येऊ दिली न्हाय. आता गाडी तितं आली की मी पोरास्नी सांगतो, अजून वाढवा.”

त्यांनी कान माझ्याकडं वळवला.

“आता बोल की.”

तयार असं काही उरलंच नव्हतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन उसात बसलेल्या बाळंतिणीचं तेवढं सांगितलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. माझ्या पत्रकात गुलामी होती, नशा होती, ती बाई नव्हती.

“मग गल्लीत न्हाय लावायचा,” तात्या म्हणाले. “पण वेशीत लावायचा. तितं तू आडवी येऊ नको.”

बैठकीत तेच ठरलं, तात्यांच्या नावावर. पत्रकं वाटायला माझ्याबरोबर फिरलेल्या मैत्रिणीचा बारामतीहून मेसेज आला: डीजेवाल्यांत गेलीस असं कळलं, शुभेच्छा. मी लांबलचक लिहून पाठवलं. तिनं वाचलं. पुढं काही नाही.

जयंतीला बायका मेणबत्त्या घेऊन गल्लीतून गेल्या. पावलं ऐकू येत होती. गेल्या वर्षीची ती बाळंतीण पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

वेशीत गाडी सुरू झाली आणि छातीत दणका बसला. माझं मत अजून तेच आहे. मी कान दाबून कडेला उभी राहिले. तात्या नाचणाऱ्यांतून वाट काढत पुढं गेले, स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवला आणि तसेच थांबले. त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे.

मनात उत्तर उठलं नाही. हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. गाडी पुढं सरकेपर्यंत मी त्या हाताकडं बघत राहिले.