कोरडी राहिलेली पेटी

तुळशीरामभाऊंची पेटी बांधायची पद्धत ठरलेली होती. भजनाची ती पेटी आधी मंजुळाबाईंच्या जुन्या सुती लुगड्यात दोन वेढे देऊन गुंडाळायची. त्यावर जाड वाकळ, वाकळीवर पन्नी आणि सगळ्यात वर निळी ताडपत्री. मग सायकलच्या कॅरिअरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी अशी आवळायची की चाकावरून उडणारा चिखलसुद्धा आत शिरू नये. या कामाला त्यांना वीस मिनिटं लागत. स्वतःसाठी मात्र डोक्याला एक प्लास्टिकची पिशवी, बस.

मंजुळाबाई दारात उभ्या राहून बघत आणि दर पावसाळ्यात तेच म्हणत, "पेटीले चार कपडे अन् तुमच्या अंगावर एक. आजारी कोण पडते, पेटी का तुम्ही?"

"मी वाळतो वं," तुळशीरामभाऊ म्हणत. "थे वाळत नाई."

ते खरंच होतं. नऊ वर्षांपूर्वी एका सप्ताहाहून परत येताना पेटी भिजली होती. भात्याचे जोड सुटले, पट्ट्या दाबल्या की वर येईनात, आतल्या सुरांना गंज चढला. खामगावच्या कारागिरानं ती महिनाभर ठेवून घेतली आणि देताना सांगितलं, "भाऊ, लाकूड थकलं आता. आणखी एकदा भिजली तर माझ्याकडे आणू नका, माझ्यानं होणार नाही." तेव्हापासून आभाळ भरलं की तुळशीरामभाऊंचं लक्ष आधी पेटीकडे जायचं.

मी उंद्रीच्या शाळेत शिक्षक आहे. तुळशीरामभाऊंचा दीड एकराचा भाजीपाला आमच्या गावाला लागून, त्यामुळे मेथी-वांगी घेता घेता ओळख झाली. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, काही एका बैठकीत, काही तुकड्यातुकड्यांनी.

तीस वर्षं ते पेटी वाजवत होते ते उकंडरावांसोबत. उकंडराव सहा किलोमीटर आतल्या गावचे, आठ एकरांचे मालक, आणि गळा असा की सप्ताहात त्यांच्यापुढे माईक ठेवला तर तो बाजूला सारून गायचे. तुळशीरामभाऊंना गळा नव्हता. कोरसमध्येसुद्धा ते नुसते ओठ हलवत. उकंडराव चिडवायचे, "देवानं तुले बोटं देल्ली बे, गळा द्याचा राह्यला." आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत या दोघांची जोडी माहीत होती. कुणाच्या घरी तेरवी असो की वास्तू, एकाला निरोप दिला की दोघं येत.

अडीच वर्षांपूर्वी तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत उकंडराव वावरातच कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोक्यात सगळं शाबूत, समोरच्याचं सगळं समजायचं, पण तोंडातून 'बा, बा' याशिवाय काही निघेना. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग संताप यायला लागला. एकदा भरलेला तांब्या भिंतीवर आपटला. मुलगा गजेंद्र ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात सून सुवर्णा एकटी. भजनी मंडळातली माणसं महिनाभर येऊन गेली. पण ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्याजवळ किती वेळ बसणार? हळूहळू येणं थांबलं.

तुळशीरामभाऊ मात्र एका गुरुवारी पेटी घेऊनच गेले. आपल्याला गाता येत नाही आणि त्याला बोलता येत नाही, मग निदान वाजवावं, एवढाच विचार. त्यांनी एक जुना अभंग धरला, दोघांनी मिळून हजार वेळा गायला-वाजवलेला. दुसऱ्या ओळीला उकंडरावांचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला शब्द आले. पुसट, पण आले, आणि ओळ पूर्ण झाली.

सुवर्णा कणीक भिजवत होती. ती तशीच हातांनी बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"काकाजी, थांबू नका," ती म्हणाली. "वाजवा."

पुढच्या फेरीला खामगावच्या डॉक्टरांना सुवर्णानं हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणाहून चालतं. काही पेशंटमध्ये असं होतं. चालू ठेवा."

मग एक रीत बसली. सुवर्णा साध्या बोलण्यात विचारायची, तुळशीरामभाऊ सूर धरायचे, आणि उकंडराव त्या सुरात उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मामाजी, काय पाह्यजे तुम्हाले?" पेटीवर सूर लांबला. उकंडरावांनी डोळे मिटले आणि गायले, "दूध… साखर… नोको." तीन महिने ती त्यांना गोड दूध पाजत होती. ती हसली, हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर दर गुरुवारी तासभर. आठवडाभराचं साचलेलं उकंडराव त्या तासात बोलून घेत. वरच्या वावरातली मोटर बघा, गजेंद्रला सांगा गाडी हळू चालव, गायीला बाजूच्या गोठ्यात बांधू नका. एकदा तर तुळशीरामभाऊंनाच सुरात झापलं, "लय… घाई… करतो… बे." पेटीचा भाता बंद झाला की शब्दही थांबत. पुन्हा 'बा, बा'. म्हणून निघताना तुळशीरामभाऊंना पेटी बंद करणं जिवावर यायचं.

दोन पावसाळे त्यांनी असे काढले. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. अर्धा रस्ता डांबरी, अर्धा कच्चा. चिखलात मडगार्ड भरलं की उतरून काडीनं मोकळं करायचं. पोचल्यावर आधी पन्नीवरून हात फिरवायचा, मग स्वतःचा शर्ट पिळायचा. खोकला कायमचा झाला. मंजुळाबाई काढा करून द्यायच्या आणि बोलायच्या, पण 'जाऊ नका' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मागच्या भादव्यात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी गुरुवार. सकाळी थोडं उघडल्यासारखं वाटलं म्हणून अकराच्या सुमाराला तुळशीरामभाऊ पेटी बांधून निघाले. डांबरी रस्ता संपतो तिथे प्रवासी निवारा आहे, तिथपर्यंत पोचले आणि पाऊस पुन्हा कोसळला. निवाऱ्यापासून शंभर पावलांवर नाला. नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावरून पाणी चाललेलं, गढूळ, गुडघ्याच्या वर. चार-पाच माणसं एकमेकांचे हात धरून अलीकडे आली. एक बाई पोर खांद्यावर घेऊन गेली.

"चाला ना, आम्ही धरतो," पलीकडे जाणाऱ्या एकानं म्हटलं.

"पेटी हाये," तुळशीरामभाऊ म्हणाले.

त्यांनी विचार केला तो असा. मी एकटा जाऊ शकतो. पण पेटीशिवाय जाऊन उपयोग काय? डोक्यावर घेतली आणि पाय घसरला तर पेटी गेली. पेटी गेली की उकंडाचं बोलणं गेलं, आजचंच नाही, पुढच्या सगळ्या गुरुवारांचं. एक दिवस गेला तर चालेल. हा हिशोब चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही.

ते निवाऱ्यात बाकावर बसले. पेटी कॅरिअरवरून काढून शेजारी, भिंतीच्या बाजूला ठेवली, झड येत होती त्या बाजूला स्वतः बसले. एक वाजला, दोन वाजले. पाणी उतरेना. मग त्यांनी सुवर्णाला फोन लावला.

"नाल्याले पाणी हाये वं. आज काई जमत नाई."

ती म्हणाली, "काकाजी, मामाजी सकाळपासून वाट पाहून राह्यले. काहीतरी सांगायचं हाये त्याहीले. गळ्याले हात लावतात अन् रस्त्याकडे दाखवतात. म्या सगळं इचारून पाह्यलं, दुखते का, गजेंद्रले बोलावू का, वावराचं हाये का. सगळ्याले नाईच म्हणतात मानेनं."

"फोन दे त्याच्यापाशी."

तिनं फोन उकंडरावांच्या कानाला लावला. पलीकडून श्वास ऐकू आला आणि मग 'बा… बा… बा…', एकामागून एक, घाईघाईनं.

"उकंडा, पाणी उतरलं की येतो बे," तुळशीरामभाऊ मोठ्यानं म्हणाले. पत्र्यावर पावसाचा आवाज होता. "उद्या येतो. गुरुवारच पाह्यजे असं थोडी हाये? उद्या सांग."

'बा… बा…' चालूच होतं. त्यांनी फोन बंद केला. तीन वाजता सायकल वळवली. घरी आल्यावर वाकळ उलगडून पाहिली तर ओलाव्याचा एक ठिपका नव्हता. त्यांना त्याचं बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुवर्णाचा फोन आला. "काकाजी, मामाजी गेले. झोपेतच."

पाऊस थांबला होता. फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. मंडळाच्या लोकांनी निरोप दिला होता की अंत्ययात्रेत भजन होईल, पेटी आणा. तुळशीरामभाऊ पेटी न घेता गेले. टाळ-मृदंगावरच भजन झालं. उकंडरावांच्या अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी तो हट्टानं घालून घेतला होता आणि मग काढूच दिला नव्हता.

खरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती पंधरा दिवसांनी. वाफ्यात बसून मेथी उपटत होते. बांधावर ठेवलेला फोन वाजला, कुणाचा तरी, भाजीचा. फोन कानाला लावला आणि ते तसेच बसून राहिले. निवाऱ्यात पेटी शेजारीच होती. कोरडी होती. फोन हातात होता. ताडपत्री, पन्नी, वाकळ बाजूला करायची, फोन समोर ठेवायचा आणि सूर धरायचा. पाच मिनिटांचं काम. उकंडा बोलला असता. पण झड येत होती, हवा ओली होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पावसात पेटी उघडायची ही गोष्ट मनात आलीच नाही.

त्या दिवशी त्यांनी हे मंजुळाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या ध्यानात नाई आलं. एवढंच."

"एवढंच नाई वं," तुळशीरामभाऊ म्हणाले.

पुढे एक दिवस ते सुवर्णाकडे गेले आणि तिलाही सांगितलं. न सांगता राहणं त्यांना जमेना. ती ऐकत उभी होती. रागावेल, नाहीतर 'जाऊ द्या काकाजी' म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती आत गेली, चहा घेऊन आली, कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "थंडा होईन, घ्या." त्यानंतर तिचा फोन आला नाही. भेटली तर बोलते, विचारपूस करते. स्वतःहून फोन मात्र नाही.

हिवाळ्यात चिखलीकडची एक बाई त्यांना शोधत आली, अनुपमा नावाची. तिचे वडील महादेवराव, कचेरीतून निवृत्त झालेले, असेच वाचा गेलेले. तिनं कुठूनतरी उकंडरावांची गोष्ट ऐकली होती. तुळशीरामभाऊ म्हणाले, "माह्यावाला काई इलाज नाई ताई. मी वाजवतो फक्त." तरी गेले. एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन. महादेवराव जन्मात कधी गायले नव्हते. तासभर पेटी वाजली, ते भिंतीकडे बघत राहिले. तुळशीरामभाऊ चार वेळा गेले. अभंग वाजवून पाहिले, लग्नातली गाणी वाजवली, शाळेतली प्रार्थना वाजवली. चौथ्या वेळी महादेवरावांनी डाव्या हातानं कान झाकला. अनुपमानं त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं आणि खाली बघत म्हणाली, "काका, बाबांना त्रास होतोय बहुतेक. नको आता." परतीच्या बसमध्ये, तुळशीरामभाऊ म्हणाले, इतकी वर्षं पेटी बाळगून ती एवढी जड कधी लागली नव्हती.

आता ते पुन्हा मंडळात बसतात. दुसरा वाजवणारा नाही, आणि लोक बोलवायला येतात तेव्हा नाही म्हणवत नाही. गायला एक नवा माणूस आहे, बरा गातो. तुळशीरामभाऊ मान खाली घालून वाजवतात आणि संपलं की प्रसाद न घेताच निघतात.

या पावसाळ्यात एकदा भाजी घेताना मी त्यांना विचारलं, विचारायला नको होतं तरी, "भाऊ, काय सांगायचं असेल हो त्यांना?"

ते जुडी बांधत होते. बांधून झाली, पिशवीत टाकली.

"गुरुजी, मी रोज एक काहीतरी धरून पाह्यतो," ते म्हणाले. "हेच सांगायचं असंन, म्हणतो. दिवसभर थेच मनात घोळवतो. दिवस बुडता बुडता वाटते, नाई, हे नसंन."

मग पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळून त्यांनी वांगी तोलायला घेतली.